अस्थिसंधानाची मूलतत्त्वे आणि भग्नचिकित्सा : किनारपट्टीवरील वैद्यांसाठी एक अभ्यास

प्रास्ताविक

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, विशेषतः मालवण, देवगड व वेंगुर्ले या तालुक्यांत, अस्थिभग्नाचे रुग्ण बारमाही येत असतात आणि त्यांची कारणे बहुधा येथील जीवनक्रमातूनच उद्भवलेली असतात. माडावर वा पोफळीवर चढणारा मजूर, आंब्याच्या हंगामात फांदीवरून निसटलेला गडी, चिरेखाणीत पायावर चिरा पडलेला कामगार, नौकेवर दोराच्या वेटोळ्यात हात सापडलेला खलाशी, पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून घसरलेली वृद्धा आणि महामार्गावर दुचाकीवरून पडलेला तरुण ही त्यांची नित्याची रूपे होत. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात पतन, पीडन, प्रहार व आक्षेपण ही जी भग्नाची कारणे सांगितली, ती सर्व या यादीत जशीच्या तशी आढळतात.

यांपैकी अनेक रुग्णांचा पहिला थांबा गावातील वैद्य, हाडवैद्य किंवा औषधी दुकान हाच असतो. क्ष-किरण यंत्र आणि अस्थिशल्यविद् ओरोस, कणकवली, सावंतवाडी अशा ठिकाणी. त्याहून गुंतागुंतीच्या रुग्णास करूळ वा फोंडा घाटातून कोल्हापूर, अथवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. म्हणून दुखापतीनंतरच्या पहिल्या काही तासांत काय केले जाते आणि काय टाळले जाते, हे बहुधा आपल्याच हाती असते. त्या तासांत हात वाचतो किंवा कायमचा निकामी होतो. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, हाड कसे जुळते याचे आजचे ज्ञान व सुश्रुतोक्त भग्नचिकित्सा यांचा एकत्र विचार करून वैद्याच्या कर्तव्याची सीमा स्पष्ट करावी.

हाड कसे जुळते?

हाडाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिज द्रव्याचा, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या स्फटिकांचा असतो. उरलेला भाग प्रामुख्याने कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा. खनिजामुळे काठिण्य येते, तंतूंमुळे लवचिकता. बालकांच्या हाडात तंतूंचा अंश अधिक असल्याने ते ओल्या काठीप्रमाणे वाकते, एका बाजूस चिरते, पण पुरते तुटत नाही. तरुणास्थी वाकतात, नलकास्थी मोडतात, कपालास्थी फुटतात, रुचकास्थी तडकतात, हा सुश्रुतांचा भेद याच निरीक्षणाच्या जातीचा आहे.

त्वचेची जखम व्रणवस्तूने भरून निघते. हाड मात्र हाडानेच भरून निघते. ही क्रिया सामान्यतः चार अवस्थांतून जाते. भग्न होताच तुटलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त साकळते. पहिल्या आठवड्यात तेथे शोथ उत्पन्न होतो व दुरुस्तीसाठी लागणाऱ्या पेशी गोळा होतात. हा शोथ उपद्रव नसून संधानाचा आरंभ होय. तो मर्यादेत ठेवावयाचा असतो, समूळ नष्ट करावयाचा नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दोन्ही टोकांमध्ये तंतू व कूर्चा यांचा मृदू सांधा तयार होतो. पुढे त्यात खनिज साठून तो कठीण होतो. मोठ्या हाडांत यास तीन-चार महिनेही लागतात. अखेरची अवस्था पुनर्रचनेची. अनावश्यक हाड शोषले जाते आणि ज्या रेषेत भार पडतो त्या रेषेत नवे हाड रचले जाते. ही अवस्था काही महिने ते काही वर्षे चालते.

येथे एक तत्त्व नीट ध्यानी घ्यावयास हवे. हाड वैद्य जोडीत नाही, शल्यविदही जोडीत नाही; ते शरीरच जोडते. त्यास तीन गोष्टी लागतात : तुटलेल्या टोकांची योग्य जुळणी, पुरेशी स्थिरता आणि अबाधित रक्तपुरवठा. या तिन्हींपैकी एक जरी बिघडली, तरी कोणतेही औषध, मग ते कोणत्याही शास्त्रातील असो, तिची जागा घेऊ शकत नाही.

स्थिरता किती असावी, याचेही गणित आहे. स्टीफन पेरेन यांच्या सिद्धान्तानुसार भग्नस्थानातील अंतराच्या तुलनेत तेथील हालचाल २ टक्क्यांच्या आत असेल तर थेट हाड बनू शकते, साधारण १० टक्क्यांपर्यंत असेल तर कूर्चा तग धरते, त्याहून अधिक हालचालीत केवळ तंतुमय ऊतक टिकते आणि हाड जुळेनासे होते. पट्ट्या वा प्लॅस्टर यांत अल्पशी हालचाल राहते. म्हणून तेथे कूर्चेच्या मार्गाने, गाठ धरून संधान होते. पट्टी व स्क्रू यांनी टोके दाबून घट्ट बसविली, तर बाहेर गाठ न दिसताही हाड जुळते. क्ष-किरणात गाठ दिसली नाही म्हणजे हाड जुळले नाही, असा अर्थ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात सरसकट काढू नये.

शस्त्रक्रियेची चार सूत्रे

अस्थिशल्यशास्त्राचा आजचा पाया गेल्या पावणेदोनशे वर्षांत घातला गेला. डच सैन्यातील शल्यविद् मॅथायसन यांनी १८५२ साली प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. १८९५ मध्ये रॉन्टजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि हाड प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या गोळीने मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. जागेवरच थॉमस पट्टी बांधून मगच रुग्ण हलविण्याचा दंडक घातल्यावर ते २० टक्क्यांच्या आसपास उतरले. हलविण्यापूर्वी स्थिर करणे, एवढ्या एका कृतीचे हे फळ होते.

१९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील शल्यविदांच्या ए.ओ. या गटाने चार सूत्रे मांडली : हाडाची यथास्थान जुळणी, स्थिर बंधन, रक्तपुरवठ्याचे रक्षण आणि लवकर व वेदनारहित चलन. पुढील काळात यांतील पहिल्या सूत्राचा अर्थ थोडा बदलला. सांध्याच्या पृष्ठभागावरील भग्नात तुकडे तंतोतंत जुळावेच लागतात. लांब हाडाच्या मध्यभागात मात्र लांबी, सरळ रेषा आणि पीळ नीट असला म्हणजे पुरते. प्रत्येक तुकडा बसविण्याच्या नादात मांस व अस्थिधरा कला खरवडली, तर रक्तपुरवठा जातो आणि संधान लांबते.

रक्तपुरवठा टिकविला तर हाड किती करू शकते, याचा पुरावा इलिझारोव्ह यांच्या तंत्राने दिला. सायबेरियातील कुर्गान येथे १९५१ पासून त्यांनी कड्यांच्या चौकटीने हाड धरून दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार भागांत, ताणण्याची पद्धत विकसित केली. या मंद ताणाने मधल्या पोकळीत नवे हाड निर्माण होते. हे तंत्र भारतात रुजविण्यात मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचा मोठा वाटा आहे. जंतुसंसर्ग होऊन न जुळलेल्या नडगीच्या हाडास यामुळे आशा निर्माण झाली. तथापि ही चौकट महिनोन् महिने बाळगावी लागते. पहिल्या दिवशीच जखम नीट हाताळली गेली असती तर यांतील अनेकांवर ती वेळ आली नसती.

सुश्रुतोक्त क्रम

वरील चार सूत्रे वाचताना चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय डोळ्यांसमोर उभा राहतो. खाली गेलेला भाग वर उचलावा, वर आलेला दाबावा, फार सरकलेला ओढून घ्यावा, हा स्थापनविधी. आंछन, पीडन, संक्षेप व बंधन ही त्याची चार अंगे. त्यानंतर मधूक, उदुंबर, अश्वत्थ, पलाश, ककुभ, वंश, सर्ज अथवा वट यांच्या सालींच्या कुशा बांधून स्थिरीकरण. श्रोणी, मांडी व जंघा यांच्या भग्नात कपाटशयन, म्हणजे फळीवर निजवून दोन्ही बाजूंस व तळव्याशी खुंट्या लावून अवयव निश्चल करणे.

बंधाविषयीचा सुश्रुतांचा इशारा विशेष मननीय आहे. बंध सैल असता संधी स्थिर राहत नाही. अतिघट्ट असता त्वचा आदींत शोफ, वेदना व पाक उत्पन्न होतात. म्हणून बंध साधारण असावा. बंध सोडून पाहण्याचा काळही ऋतुपरत्वे सांगितला आहे : शीत ऋतूत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी, उष्ण ऋतूत तीन दिवसांनी. कोकणच्या दमट हवेत, जेथे घामाने पट्टीखालची त्वचा भिजून पांढरी पडते व खाजते, तेथे या नियमाचे महत्त्व सांगावयास नको. भग्नाचा पाक होऊ नये म्हणून वैद्याने प्रयत्नशील असावे, कारण पाक पावलेले मांस, सिरा व स्नायू कष्टाने बरे होतात, असेही त्यांनी बजावले आहे.

चलनाचे सूत्रही तेथे आहे. हाताच्या भग्नानंतर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, मग सैंधवाचा खडा आणि बळ आल्यावर दगड हाती धरावा, हा क्रम म्हणजे क्रमशः वाढता व्यायामच होय. संधानाच्या काळाविषयी सुश्रुतांनी पूर्ववयात एक मास, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तरवयात तिप्पट असे प्रमाण दिले. आधुनिक शास्त्रातील पर्किन्स यांचा ठोकताळा असा, की प्रौढाच्या वरच्या अवयवातील तिरके भग्न साधारण तीन आठवड्यांत धरते व दृढ होण्यास त्याच्या दुप्पट काळ लागतो; खालच्या अवयवात आणखी दुप्पट आणि भग्न आडवे असल्यास पुन्हा दुप्पट. एकात वयाचा विचार, दुसऱ्यात स्थान व आकृतीचा विचार. दोन्ही एकत्र धरावेत. वृद्धाच्या आडव्या भग्न पावलेल्या नडगीस 'दीड महिन्यात उठाल' असे आश्वासन कोणत्याही शास्त्राच्या आधारे देता येत नाही.

याच अध्यायात, अल्पाहारी, असंयमी, वातप्रकृतीच्या व उपद्रवयुक्त रुग्णाचे भग्न कष्टसाध्य म्हटले आहे. निदानस्थानात कटी, शंख, ललाट, पृष्ठ, मूर्धा इत्यादींच्या विशिष्ट भग्नांस असाध्य मानून वर्ज्य सांगितले आहे. वर्ज्य म्हणजे रुग्ण टाकून देणे नव्हे. जे आपल्या साधनांनी साध्य नाही ते ओळखणे हे शास्त्रकारांच्या दृष्टीने वैद्याच्या बुद्धीचे लक्षण होय. सुश्रुतांच्या काळी पुढे पाठविण्यास स्थान नव्हते. आज ते आहे.

घट्ट बंध : सर्वांत मोठा धोका

किनारपट्टीवर भग्नाच्या रुग्णास होणारी सर्वांत दुःखद व टाळता येण्याजोगी हानी ही घट्ट बांबूपट्टी व मर्दन यांमुळे होते. त्याचे कारण समजून घ्यावे. पोटरी व अग्रबाहू यांतील स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत असतात. भग्नानंतर आत रक्त व शोथ वाढतो. बाहेरून घट्ट पट्टी असली की दाब आतल्या आत चढतो आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात. सुमारे सहा तासांत स्नायू मृत होऊ लागतात. पुढे बोटे आकडीसारखी वाकून हात पंजासारखा होतो. जर्मन शल्यविद् फोल्कमान यांनी १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले. तीच त्यांच्या नावाने ओळखली जाते. काही रुग्णांत कोथ होऊन अवयव कापावा लागतो.

त्याची लक्षणे प्रत्येक वैद्याच्या जिभेवर असावीत. भग्नाच्या मानाने अतिरिक्त, वाढत जाणारी वेदना. वेदनाशामकाने न शमणारी वेदना. आणि बोटे हळूच सरळ ताणली असता उठणारी तीव्र कळ. पुढे मुंग्या, बधिरता व बोटांची हालचाल मंदावणे. नाडी हाती लागते म्हणून निर्धास्त राहणे ही घोडचूक होय, कारण नाडी लोपणे हे फार उशिराचे लक्षण आहे. संशय येताच पट्टी, कापूस, सर्व काही त्वचेपर्यंत मोकळे करावे, अवयव हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि रुग्णास तत्काळ शल्यविदाकडे पाठवावे. रात्र आहे, सकाळी पाहू, असे येथे चालत नाही.

झाडावरून पडलेल्या मुलांत कोपराच्या वरचे भग्न वारंवार आढळते. त्याच जागेवरून हाताची मुख्य धमनी जाते. अशा मुलाचा कोपर कदापि ओढू नये, चोळू नये वा पूर्ण वाकवून बांधू नये. ताज्या दुखापतीत, विशेषतः कोपरास, तेल लावून मर्दन केले तर स्नायूत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडतो. अभ्यंग ही आपली मोठी संपदा आहे. तिचे स्थान संधान झाल्यानंतरच्या काळात आहे, पहिल्या दिवशी नव्हे.

प्रथमोपचार

भग्नाचा संशय असता वरचा व खालचा असे दोन्ही सांधे पट्टीत येतील अशा बेताने अवयव स्थिर करावा. बांबूच्या कामट्या, पुठ्ठा अथवा पोफळीची विरी यांपैकी जे हाती असेल ते चालते, मात्र खाली कापसाचा जाड थर हवा व बोटांची टोके उघडी हवीत. बांगड्या, अंगठ्या, पैंजण आधीच काढावेत. बांधण्यापूर्वी व बांधल्यानंतर बोटांचा वर्ण, उष्णता, स्पर्शज्ञान व हालचाल तपासून कागदावर वेळेसह नोंदवावी. नख दाबून सोडले असता दोन सेकंदांत लाली परत यावयास हवी. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असल्यास चहा-फराळ देऊ नये. अखेरचे खाणे केव्हा झाले तेही लिहावे.

जखमेतून हाड दिसत असल्यास, किंवा भग्नाजवळ लहानसाही व्रण असल्यास, ते सव्रण भग्न समजावे. स्वच्छ पाण्याने वा सलाइनने वरवर धुऊन निर्जंतुक कपड्याने झाकावे. हळद, तेल, चुना, कॉफी, भस्म, कशाचाही लेप लावू नये आणि बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन हवेच. प्रतिजैविक जितके लवकर, शक्यतो पहिल्या तासात, तितका संसर्गाचा धोका कमी. सव्रण भग्नात आधी व्रणाचा, मग भग्नाचा विचार, हा सुश्रुतांचा क्रम येथेही तसाच लागू पडतो.

माडावरून पडलेल्या रुग्णाविषयी स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. उंचावरून पायांवर पडणाऱ्याचे टाचेचे हाड मोडते आणि तोच आघात वर चढून कमरेचा मणकाही दबतो. टाच सुजलेल्या रुग्णाची पाठ तपासल्याखेरीज त्यास उठवू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, पाय बधिर असतील, तर खांद्यापायांना धरून उचलण्याऐवजी डोके, धड व पाय एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून फळीवर वा दारावर घ्यावे. कपाटशयनाचे हे आजचे रूप होय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. तिची वाट पाहणे हे रिक्षात वाकवून बसवून नेण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

कोणास विनाविलंब पाठवावे?

सव्रण भग्न, बोटे थंड वा बधिर झालेला अवयव, निखळलेला सांधा, मणका, श्रोणी व मांडीचे हाड, मुलांचे कोपराचे भग्न आणि सांध्याच्या आत गेलेले भग्न, यांत एक दिवसही दवडू नये. याशिवाय दोन फसवे प्रकार आहेत.

पहिला वृद्धांच्या खुब्याचा. घरातल्या घरात पडलेल्या वृद्धेस उठता येत नाही, पाय किंचित आखूड दिसतो व बाहेरच्या बाजूस वळलेला असतो. 'वय झाले, आता शस्त्रक्रिया नको' असे घरचे म्हणतात. वस्तुतः वयामुळेच शस्त्रक्रिया तातडीची ठरते. अंथरुणास खिळलेल्या वृद्धास शय्याव्रण, फुप्फुसाचा संसर्ग व शिरांतील रक्ताच्या गाठी यांचा धोका दिवसागणिक वाढतो. म्हणून शक्यतो पहिल्या दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून रुग्णास बसते-चालते करावे असा आजचा संकेत आहे. कुटुंबास हे समजावून सांगण्याचे काम, ज्याच्यावर त्यांचा विश्वास आहे असा वैद्यच उत्तम करू शकतो.

दुसरा मनगटाचा. तळहातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर नौकाकार अस्थीचे भग्न असू शकते. पहिल्या क्ष-किरणात ते दिसेलच असे नाही. या हाडाचा रक्तपुरवठा एका टोकाकडून येत असल्याने दुर्लक्ष झाल्यास त्याचा तुकडा मृत होतो. मनगट स्थिर ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा क्ष-किरण काढावे. 'मुरगळले आहे' म्हणून लेप देऊन सोडू नये. मांडीच्या हाडाची मान व नडगीचा खालचा तृतीयांश यांतही रक्तपुरवठा तोकडाच असतो.

औषधी, आहार आणि आपले खरे कार्यक्षेत्र

स्थापन व स्थिरीकरण झाल्यानंतरचे आठवडे व महिने हे वैद्याचे खरे कार्यक्षेत्र. शल्यविदाने हाड बसविले, रुग्ण घरी आला. आता अग्नी, धातुपोषण, बस्ती-स्वेद-अभ्यंगाचा यथाकाल उपयोग व सांध्यांचे चलन हे सारे आपल्याकडे येते. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान. अस्थिवह स्रोतसांचे मूळ मेद व जघन. चरकाचार्यांनी अस्थिगत विकारांत बस्ती आणि तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर-घृत यांचा निर्देश केला आहे.

लाक्षा, अस्थिसंहार, अर्जुन, अश्वगंधा, नागबला व या सर्वांइतका गुग्गुळ यांचा लाक्षादी गुग्गुळ, तसेच आभा गुग्गुळ हे प्रचलित कल्प. अस्थिसंहार म्हणजे आपली चौधारी कांडवेल अथवा हाडसांधी. काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. के. एन. उडुपा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात तिच्यावर प्रयोग केले व प्राण्यांत संधान लवकर होत असल्याचे नोंदविले. हा आधार मोलाचा आहे; परंतु त्यावरून कांडवेल ही स्थिरीकरणास पर्याय ठरते असे कोणी म्हणू नये. ताज्या कांडातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे तोंड व घसा खाजतो. म्हणून ती कच्ची न देता तुपात परतून अथवा वाळवून द्यावी.

मंजिष्ठा, यष्टिमधु, रक्तचंदन व शतधौतघृत यांचा शास्त्रोक्त लेप अखंड त्वचेवरच योजावा. प्लॅस्टरच्या आत काहीही घालू नये. प्लॅस्टर काढल्यावर मात्र कोमट तेलाचा हलका अभ्यंग व नाडीस्वेद आखडलेल्या सांध्यास सुख देतात. प्लॅस्टरमध्ये असताना मोकळी असलेली बोटे, खांदा, गुडघा पहिल्या दिवसापासून हलवीत राहण्यास रुग्णास सांगावे.

आहारात शालीचा भात, दूध, तूप, मांसरस व वाटाण्याचे यूष सुश्रुतांनी सांगितले. लवण, कटु, क्षार, अम्ल, रूक्ष अन्न, व्यायाम व ऊन वर्ज्य केले. किनारपट्टीच्या रुग्णास याचे भाषांतर असे करून द्यावे : खारवलेल्या मासळीऐवजी ताजी मासळी, नाचणीची आंबील वा भाकरी, दूध, तीळ, अंडी. प्रथिनांखेरीज कॅल्शियम एकटे उपयोगी पडत नाही. ड जीवनसत्त्वाची उणीव उन्हाच्या देशातही सर्वत्र आढळते. वृद्धांत व दीर्घकाळ घरात असणाऱ्यांत ती तपासून घ्यावी. विडी-सिगारेटने संधान लांबते हे निर्विवाद आहे. मशेरी व तंबाखूही या काळात सोडावयास लावावी. मधुमेह असल्यास तो आटोक्यात आणावा.

औषधी विक्रेत्यांसाठी

सुजलेल्या हातापायाचा रुग्ण दुकानात येऊन वेदनाशामक मागतो, तेव्हा विक्रेता हाच त्याचा पहिला सल्लागार असतो. एका गोळीने न थांबलेली वेदना दुसऱ्या गोळीने झाकू नये; त्यास तपासणीस पाठवावे. सूज कमी करणारी वेदनाशामके दीर्घकाळ घेतल्यास संधानात व्यत्यय येऊ शकतो आणि वृद्धांच्या मूत्रपिंडास अपाय होतो. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या हृदयविकाराच्या औषधांचे शरीरातील प्रमाण घटते. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतानाही गुग्गुळ जपून द्यावा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर रुग्ण घेत असलेल्या सर्व कल्पांची यादी शल्यविदास द्यावी. गुग्गुळाचे झाड आज अतिसंकटग्रस्त गणले जाते, त्यामुळे बाजारात भेसळ फार. खात्रीच्या ठिकाणाहून व चाचणीपत्रासह माल घ्यावा.

उपसंहार

अस्थिशल्यशास्त्राची सूत्रे व सुश्रुतांचा क्रम यांत विरोध नाही : आधी जुळणी, मग स्थैर्य, सदैव रक्तसंवहनाचे रक्षण, त्यानंतर चलन आणि या सर्वांच्या जोडीस आहार-औषध. हा क्रम उलटा करून औषध आधी व तपासणी नंतर केली, तर दोन्ही शास्त्रांचा अवमान होतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आपल्या गावात परंपरेने हाड बसविणारे जे हाडवैद्य आहेत, त्यांच्याशी वैर धरण्यापेक्षा त्यांना तीन गोष्टी शिकवाव्यात : बोटे उघडी ठेवणे, जखम असल्यास हात न लावणे आणि वेदना वाढल्यास पट्टी सोडून रुग्ण पुढे पाठविणे. तालुका शाखांनी हंगामापूर्वी, आंबा उतरण्याच्या आणि पावसाच्या आधी, असा एखादा वर्ग घ्यावा. माडावर चढणाऱ्या गड्याचे हात हेच त्याच्या घरचे उत्पन्न असते. ते शाबूत राहावेत यासाठी वैद्याने आपल्या ज्ञानाइतकेच आपल्या सीमेचेही भान ठेवावे, ही नम्र विनंती.